पोकळ्या भरा

३ मार्च
आज नकाशा विभागात रुजू झालो. खोली मिळाली. नळाला पाणी जोरात येतं, खिडकीतून टेकडी दिसते. जागा बदल, जीव रमेल, असं ताई म्हणाली होती. रमेल असं वाटतं. काम सोपं आहे. टेकड्यांच्या उंचीची जाळी असते, तिच्या प्रत्येक घरात एक उंची. सारखी उंची जोडत संगणक समोच्च रेषा ओढतो. शेजारच्या टेबलावर एक चष्मेवाला बसतो. ही गेल्याचं त्याला साहेबांकडून कळलं होतं. म्हणाला, वहिनींच्या जाण्यानं कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली. वाक्य छापील, पण माणूस मनापासून बोलला.

५ मार्च
रेषा निघाल्या त्या जिन्यासारख्या दातेरी. सपाट भागात गोवर उठल्यासारखी बारकी वर्तुळं. जाळी गुळगुळीत करून पुन्हा काढल्या. तरी माथ्याजवळची काही घरं रिकामीच. तिथे उंचीची नोंद नाही, ती संगणकाने उणे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव धरली, आणि सगळ्या रेषांचा तिथे गुंता झाला. पाताळात उतरायचा घाट बांधताय की काय, म्हणून चष्मेवाला हसला. त्यानेच आज्ञा दाखवली: ‘पोकळ्या भरा’. आजूबाजूच्या उंचीवरून मधली उंची अंदाजाने भरली जाते. भरली.

६ मार्च
सकाळी पोकळी पुन्हा तिथेच. जतन करायला विसरलो असेन म्हणून स्वतःवरच चिडलो. परत भरली.
खोलीवर आलो तर भिंतीवर हिचा फोटो नाही. खिळा नाही. खिळ्याचं भोकही नाही, भिंत सपाट. घरमालकाला विचारलं. तो म्हणाला, तुम्ही फोटो लावलाच कधी?

९ मार्च
पुन्हा पोकळी. संगणक बदलला, मूळ जाळी नव्याने मागवली. तेच. डोकं उठलं. साहेबांनी बजावलं, शुक्रवारी नकाशा गेला नाही तर तुम्ही तुमची वाट धरा. भरली.
संध्याकाळी हिचं हसणं आठवायला बसलो. आलं ते थोडं ताईचं, थोडं जुन्या शेजारणीचं. आजूबाजूच्यांवरून भरल्यासारखं.

१० मार्च
आज भरली नाही. आता भरणार नाही. रेषा तिथे तुटलेल्याच राहू द्या, असं साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, टेकडीला भोक पाडून देऊ का लोकांना? नोकरी गेली तर जाऊ दे. ही राहिली पाहिजे.

११ मार्च
ताईला फोन केला. ही कशी हसायची ते सांग म्हटलं. ताई म्हणाली, ही कोण रे? कुणी भेटली वाटतं तिकडे! बरं झालं बाबा, किती दिवस असा सडाफटिंग —
फोन ठेवला.
हिचं नाव लिहून ठेवतो. नाव —

१३ मार्च
पोचलो तेव्हा चष्मेवाला खुशीत होता. तुमची नोकरी वाचवली, म्हणाला. सकाळी लवकर येऊन त्यानेच भरली, नकाशा पाठवूनही दिला. मी ओरडलो. का ते — पडद्यावर रेषा अखंड. एकही तुटलेली नाही —

१४ मार्च
सुट्टी. नकाशा साहेबांना आवडला. मागची पानं चाळली, जागोजागी ‘ही’ लिहिलंय. ही म्हणजे कोणती? टेकडी असेल — डोळ्यांना सारखं पाणी येतंय, चष्म्याचा नंबर काढायला हवा —
चहाला आधण ठेवलं. एकट्यापुरतं पाणी किती लागतं तेच हाताला ठाऊक नाही. जास्तीचं ओतून दिलं.