अकरा नंबरचं पिंप

सोमवार, ३ मार्च
आज आणखी एक पिंप नापास! अकरा नंबर. मधात अँटिबायोटिक. मॅनेजरसाहेब म्हणाले, "घाला रेझिनमध्ये, तोंडं काय पाडता!" तेच तर माझं काम. मध कोमट करून पाण्यानं पातळ करायचा आणि रेझिनच्या बारीक मण्यांनी भरलेल्या उंच नळीतून सोडायचा. औषधं, कीटकनाशकं, सगळं मण्यांना चिकटून बसतं. मग पाणी आटवलं की झालं. फक्त रंग आणि वासही जातो. उरते ती नुसती गोडी.

मंगळवार, ४ मार्च
अकरा नंबर बाबांचं निघालं!! यंदा प्रथमच त्यांचा मध रेझिनशिवाय, त्यांच्या नावानं बाटलीत जाणार होता. बाबा गावभर सांगून बसलेत! साहेबांच्या हातापाया पडून शनिवारपर्यंत पिंप थांबवलंय. कुठलं औषध ते शुक्रवारी कळेल.

बुधवार, ५ मार्च
सुट्टी टाकून घरी गेले. बाबांनी आकाशपाताळ एक केलं. "माझ्या माश्यांना औषध? तुझं मशीनच खोटं!" ताटावरून उठले. आई मात्र ठाम — "त्यांनी नाही गं दिलं, शपथेवर सांगते." एवढं बोलतानाही तिला खोकल्याची उबळ आली. डॉक्टरांच्या गोळ्या संपल्या, रिकामी पाकिटं अजून फळीवर आहेत, पण खोकला हटत नाही. मी डॉक्टरांनाच नावं ठेवली. ती हसली आणि माश्यांच्या पेट्यांपाशी साखरपाणी ठेवायला गेली. ते काम तिचं.

गुरुवार, ६ मार्च
काही नाही. नळी धुतली. बाबांचा फोन नाही. जीव थाऱ्यावर नाही.

शुक्रवार, ७ मार्च
रिपोर्ट आला. औषधाचं नाव कुठंतरी वाचल्यासारखं वाटलं. डबा उघडला, पहिला घास घेतला आणि आठवलं — फळीवरची पाकिटं! डबा तसाच राहिला.

शनिवार, ८ मार्च
आईला फोन केला. बराच वेळ नुसता खोकला. मग म्हणाली, "माश्या पटापट मरत होत्या गं. ह्यांच्या घशाखाली घास उतरेना. दिवसाला दोन गोळ्या होत्या. एक मी घ्यायचे, एक साखरपाण्यात टाकायचे. ह्यांना सांगू नकोस."

पिंप रेझिनमध्ये सोडलं. उद्या आईला डॉक्टरांकडे नेतेय.