उखाकाकांनी मोठ्यानं वाचायचं पत्र

१२ मार्च १९३८

ती. माय,

तुझ्या पायांवर दगाचं डोकं. मी खुशाल आहे. पोटभर जेवतो, फक्त ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर मिळत नाही. तुझा गुडघा कसा आहे?

इथल्या शेतीशाळेत वर्षभर उमेदवारी करून मी बांध घालायला शिकलो. उतार मोजून आडवा बांध घातला की पाणी जिरतं, माती शेतातच राहते.

आपली माती कुठं जाते, ते तुला ठाऊक आहे. आपलं शेत वर, काकांचं खाली. बाबा गेल्यापासून दर पावसाळ्यात आपला बांध ‘आपोआप’ फुटतो आणि आपला गाळ काकांच्या कपाशीला मिळतो. तू म्हणतेस, “देव देखी ऱ्हायना.” माय, तो नुसताच बघत बसलाय!

वैशाखात चार सोबती घेऊन येतो. कुदळीला दाद न देणारा दगडी बांध घालू. चिमूटभर मातीही खाली जायची नाही. काकांनी आता खडकावर कपाशी पिकवावी.

उखाकाका, अडखळलात? माझी पत्रं मायला तुम्हीच वाचून दाखवता, म्हणूनच हे लिहिलं. एकही ओळ गाळू नका. याची नक्कल शाळामास्तरांना धाडली आहे. पत्र पोचलं की ते मायला विचारायला येतील, “बाई, खडकाची ओळ ऐकली ना?”

तुझाच,
दगा