पत्नीच्या वतीने दिलेला नकार

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
लसीकरण विभाग, दुसरा मजला.

विषय : नागिणीच्या लशीबाबत माझ्या पत्नीने केलेली तक्रार दप्तरी दाखल करण्याबाबत.
संदर्भ : आपल्या परिचारिकेने सोमवारी घरी येऊन लिहून नेलेला पत्नीचा जबाब.

महोदय,

१. माझी पत्नी अकरा वर्षे मज्जातंतूंच्या आजाराने अंथरुणाला खिळून आहे. पायांची आग होते, ही तिची कुरकुर पहिल्यापासूनची. गेल्या वर्षी वाचा गेली, तशी कुरकुरही कमी झाली. समजते मात्र सगळे.

२. आपल्या डॉक्टरांनी लस सुचवली. ही लस तिच्या आजारात चालते, दोन दिवस ताप येऊन अंग जास्त गळेल, तरी तिला विचारून ठरवा, असे ते म्हणाले. मी शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. त्या आठवड्यात परीक्षानळ्यांची वार्षिक मोजणी होती. तापात तिला उचलायचे कोणी? म्हणून विचारण्यात वेळ न दवडता मी तिच्या वतीने नकार कळवला. तिच्यासाठी आलेली लस वाया जाऊ नये म्हणून मी टोचून घेतली. माझा दंड दोन दिवस दुखला. घरात कोणी विचारपूस केली नाही, हेही नोंदवावे.

३. चार महिन्यांनी तिला नागीण उठली. ती पाच दिवस कण्हत होती. रोज कण्हणाऱ्या माणसाचे नवे कण्हणे कसे ओळखावे, याचे परिपत्रक असल्यास पाठवावे. शनिवारी अंघोळीच्या वेळी फोड दिसले. औषधाला उशीर झाला, असे डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले. भिंतीकडे बघूनही म्हणता आले असते. फोड गेले, आग राहिली. आता कपडा अंगाला लागला तरी ती ओरडते आणि शेजारी माझ्याकडे बघतात.

४. एवढ्यावर भागले असते. परंतु परिचारिकेने तिला मुळाक्षरांची पाटी आणून दिली. एकेका अक्षरावर बोट ठेवत पत्नीने चाळीस मिनिटांत सांगितले, "लस मला हवी होती. मला विचारलंच नाही. माझ्यासाठी दुसरं कोणीतरी बघा." परिचारिका शांतपणे लिहून घेत होती. पुढच्या वेळी लशीबाबत पत्नीचाच शब्द घेऊ, असेही तिने मला बजावले. अकरा वर्षे उचलणाऱ्याला हे ऐकावे लागले. मला वाईट वाटले. खरे म्हणजे भीती वाटली.

५. तरी तक्रार कोणतीही कारवाई न करता दप्तरी दाखल करून पत्नीविषयीचे सर्व निर्णय माझ्याकडेच ठेवावेत. हा अर्ज मी तिला मोठ्याने वाचून दाखवला आहे. ती पूर्ण वेळ बोट हलवत होती. पाटी कपाटावर ठेवलेली असल्याने तिची हरकत नोंदवता आली नाही. सबब तिची संमती आहे, असे समजण्यात यावे.

आपल्या आदेशाची वाट पाहणारा नम्र,
(सही)
अर्जदार, तसेच पत्नीच्या वतीने
दिनांक : १४