पॉजमधला आवाज

बाबा, त्या रविवारी जुन्या टेपमधून तुमचा आवाज आला आणि माझं सगळं तिथेच बदललं. तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो. तुमचा चेहरा फोटोत उरला होता, आवाज मात्र कुठेच नव्हता. म्हणजे, आम्हाला तसं वाटत होतं.

अंबरनाथच्या तुमच्या कलामंडळाने माळ्यावरच्या पेट्या खाली काढल्या आणि जुन्या सभासदांच्या घरच्यांना बोलावलं. फोटोंतली माणसं ओळखून मागे नावं लिहायची, पोरांनी नाटकातले मुकुट घालून बघायचे, मग जुन्या प्रयोगांच्या टेपा ऐकायच्या. आई येईना. "त्यांना जिथे तोंड दाखवता आलं नाही, तिथे मी कशाला?" म्हणाली. मी तिला ओढून नेलं, कारण टेपा वाजवायचं मशीन मीच दुरुस्त केलं होतं. कॉलेज मधेच सोडल्यापासून मी उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, एका सिंधी शेठच्या रेडिओच्या दुकानात बसतो. मशीन घेऊन आली होती ती त्यांची मुलगी. त्यांची म्हणजे तुमच्या त्या नाटकातल्या हीरोची. फॅक्टरीतले साहेब, आता मंडळाचे अध्यक्ष. मशीन झालं का, हे विचारायला ती रोज यायची, आणि साधा बेल्ट बदलायला मी मुद्दाम दिवस लावत होतो. शेठ म्हणायचा, "मशीन तो ठीक हो गयी, तू कब ठीक होगा?" त्या रविवारी घरी गेल्यावर ती तिच्या बाबांशी आमच्या लग्नाचं बोलणार होती.

घरात मी एकच गोष्ट ऐकत वाढलो. स्पर्धेच्या प्रयोगात हीरो, म्हणजे तिचे बाबा, वाक्य विसरले, प्रॉम्प्टर म्हणून तुम्ही विंगेतून ते पुरवलंत, प्रेक्षकांना ऐकू गेलं, लोक हसले, नाटक पडलं. ते म्हणाले, मी विसरलो नव्हतो, पॉज घेतला होता. तुम्ही काहीच बोलला नाहीत. फक्त पुन्हा मंडळात गेला नाहीत. आणि स्वयंपाकघरात जेवताना आई बोलता बोलता थांबली, मी मधेच तोंड घातलं, की तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणायचात, "थांब जरा. तिचं संपलंय का बघ."

त्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये तीच टेप फिरते आहे. नाटकातली बायको विचारते, "इतकी वर्षं कुठे होतात तुम्ही?" मग शांतता. आणि त्या शांततेत, अगदी हळू, तुम्ही.

"मी इथेच होतो."

आईने पदर तोंडाला लावला. टेपमधले प्रेक्षक हसले, त्यांच्याबरोबर हॉलमधलेही दोघे-तिघे हसले. अध्यक्ष आईकडे बघून म्हणाले, "बिचाऱ्यांना पॉज कळला नाही हो, वहिनी. मनाने मात्र फार चांगले."

बिचाऱ्यांना म्हणाले, आणि माझं डोकं गेलं. "काका, तुम्ही विसरला होतात. माझ्या बाबांनी वाचवलं तुम्हाला."

"अरे, मी तेव्हाही सांगितलं होतं..."

"तेव्हाही खोटंच सांगितलंत."

पोरं मुकुट घालून आमच्याकडे बघत राहिली. मशीनजवळ बसलेल्या त्यांच्या मुलीने टेप मागे घेतली आणि पुन्हा लावली. प्रश्न, शांतता. मग तुमच्या आवाजाच्या जरा आधी काकांचा एक श्वास. छाती भरून घेतलेला, आता शब्द येणारच असा. त्याच्यावरच तुम्ही बोललात.

"ऐकलंस?" तिने मला विचारलं.

"काय ऐकायचं?"

"परत लाव गं," आई डोळे मिटून म्हणाली. कोण विसरलं, कोण नाही, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

पुन्हा श्वास. पुन्हा तुम्ही. मशीन सोडून काकांची मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "कळलंय तुला. फक्त हो म्हण. मग घरी मी सांभाळते."

एवढ्या लोकांत, तुमचा आवाज कानात असताना, तुम्ही चुकलात असं मी कसं म्हणू? "विसरलेच होते ते," मी म्हणालो.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून लिहितो. तो श्वास मला पहिल्याच वेळी ऐकू आला होता, बाबा. आणि तुम्हाला तर त्याच रात्री कळलं असणार, नाहीतर ताटावर बसून मला तसं का सांगितलं असतंत?

मी तसं म्हणालो तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. काहीतरी बोलता बोलता थांबली होती. तिचं संपलंय का, ते मी बघितलं नाही. मागे आई म्हणत होती, "अजून एकदा लाव गं," आणि मी बाहेर पडून दार ओढून घेतलं.