चिंचेसमोरची खोली

मी, साधना नागोराव मनवर, वय ३१, नगरपरिषदेत कंत्राटी वृक्ष तंत्रज्ञ, राहणार दारव्हा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. बुद्धी शाबूत आहे. दबाव कोणाचा नाही. सल्ले मात्र पुष्कळ मिळाले.

१. घर माझी आई इंदूबाई हिने हयातीत बक्षीसपत्राने माझ्या नावे केले. मागच्या दोन खोल्या व बँकेतील शिल्लक धाकटा भाऊ प्रफुल्ल याला द्यावी. तो म्हणतो, "ताई, ते झाड गेलं का गाडी सरळ दारात लागते." गाडी त्याने मागच्या गल्लीत लावावी.

२. दारासमोरची चिंच रस्त्याच्या हद्दीत आहे. ती माझी नाही, म्हणून कोणाला देता येत नाही.

३. आई त्या चिंचेखाली बसून लाकडी मोगरीने चिंचा फोडायची आणि विकायची. ती गेल्यापासून उन्हाळ्याच्या दुपारी तिथून मोगरीचा आवाज येतो. आमच्या घरात भूत मानत नाहीत; मीही मानत नाही. वाळक्या शेंगा, सुतारपक्षी, शेजारचा सैल पत्रा, सगळे तपासले. मी झाडाखाली गेले की आवाज थांबतो. घरात आले की सुरू होतो. कारण सापडलेले नाही. हे लिहीत असतानाही तो सुरू आहे.

४. रस्त्याकडेला कोणती झाडे हवीत, हे गल्लीत विचारायचे काम माझ्याकडेच आले. शेजारच्या रुक्माबाई म्हणाल्या, "चिंच? नाही बाप्पा! फुलाचं लाव. पण कचरा नाही पडला पाहिजे, पाखरू नाही बसलं पाहिजे." त्यावर धावजीकाका म्हणाले, "मंग प्लास्टिकचंच लाव म्हना ना!" आणि स्वतः चिंच तोडण्याच्याच बाजूने बोलले. सावली सगळ्यांना हवी होती, पण दुसऱ्याच्या दारात. चिंच मागितली ती एकट्या अतियाने. ती समोर भाड्याने राहते, शिवणकाम करते. "इंदूमौसीचा आवाज येते तं येऊ दे ना. दुपारी मशीनवर एकटीच असते मी. तेवढीच सोबत होते."

नगरपरिषदेतल्या आमच्या साहेबांनी तिचे मत खोडले. नियम असा: मत घरमालकाचेच धरायचे, आणि दारासमोरचे झाड त्या मालकाच्या संमतीशिवाय तोडायचे नाही. मी आजवर संमती दिलेली नाही. प्रफुल्ल लगेच देईल.

५. म्हणून रस्त्याकडची खोली, ओट्यासह, मी अतिया शेख हिला पूर्ण मालकी हक्काने देते. प्रफुल्लचा त्या खोलीवर हक्क राहणार नाही. संमती मागायला कोणी आले, तर अतियाने कारण सांगण्याची गरज नाही. नाही म्हटले तरी पुरे.

६. मोजपट्टी व छाटणीची कात्री माझ्या जागी येणाऱ्याला द्यावी. साहेबांना काही देऊ नये.

७. मत विचारत फिरणाऱ्याला स्वतःचे मत कोणी विचारत नाही. माझे येथे नोंदवते: चिंच. आहे तीच.

सही: साधना नागोराव मनवर
ठिकाण: दारव्हा, जि. यवतमाळ
दिनांक: १४ मे २०२५

साधना यांनी आम्हा दोघांसमोर, शुद्धीत व राजीखुशीने सही केली.

साक्षीदार १: डॉ. कलीम खान (सही)
साक्षीदार २: धावजी राठोड (सही)

साक्षीदार क्र. २ यांनी स्वतःच्या हाताने खाली लिहिले: "सही करून राह्यलो म्हून माह्यं मत बदललं असं समजू नको, पोरी. झाड तोडाचंच. तू वापस ये, मंग भांडू."