चौथ्या बाटलीचा मान

भोर, रविवार, ता. ११ डिसेंबर १९३८

आज माझ्याकडे जांभळाच्या घरगुती वाइनची पारख ठेवली होती. डॉक्टरांची किकवीच्या जांभळांची, वकिलांची शिवऱ्याच्या, माझी इथल्याच. चौथी बाटली वेल्ह्याच्या धोंडाबाईंची. त्या धनगर म्हातारीला बोलावलं मीच आणि बसवलं मात्र ओटीवर. आत या, एवढं म्हणवलं नाही.

कुठली कुणाची ते मलाच ठाऊक. बाटल्यांना फडकी गुंडाळली होती. चौथा पेला चाखून डॉक्टर म्हणाले, "मास्तर, ही सर्वांत सरस. कुणाची?"

"माझी," मी म्हणालो. कसं निघालं तोंडातून, कळलं नाही. छे, कळलं होतं.

ओटी दोन पावलांवर. त्यांनी ऐकलंच असणार.

रिकामी बाटली परत द्यायला बाहेर गेलो. मान वर होईना. धोंडाबाई म्हणाल्या, "आवडली न्हवं त्यास्नी? मग झालं. पुढल्या साली वेल्ह्याला या. कशी करायची ती दावते, म्हंजी तुमची बी अशीच व्हईल."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या उतरून गेल्या. निदान तेव्हा तरी आत जाऊन खरं सांगायचं. आत गेलो. वकिलांनी पाठ थोपटली, आणि मी हसलो.