लुबोवाच्या सहा गाड्या आणि माझं लाल कार्पेट

१६ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या पदावर जाणाऱ्या माणसाने विचार नोंदवून ठेवलेले बरे.

सकाळी मीटिंग. कोबुसिंगे मॅडम म्हणाल्या, सेल्स हेडची खुर्ची रिकामी झालीय आणि आपली नवी मोटरसायकल 'एंगाबी १२५' अजून शोरूममध्येच धूळ खातेय. विकायची कशी? मी म्हणालो, लुगोगोच्या मैदानावर प्रदर्शन भरतंय, तिथे भव्य स्टॉल. लुबोवा म्हणाला, छे, मोटरसायकलवरून भाडी मारणाऱ्या बोडावाल्यांना चालवायला द्या. मॅडम म्हणाल्या, दोघंही आपापलं करून दाखवा. बारा ऑक्टोबरपर्यंत ज्याच्या गाड्या जास्त खपतील, तो हेड.

लुबोवा म्हणजे कोण? दोन वर्षांपूर्वी नाकुलाब्येच्या स्टेजवर, म्हणजे बोडांच्या थांब्यावर, उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला "बसा ताई, सोडतो" करणारा बोडावाला. माझ्याकडे मार्केटिंगचा डिप्लोमा आहे, फ्रेम केलेला.

मला त्याचा हेवा वगैरे वाटत नाही. मॅडम त्याच्या प्रत्येक विनोदाला हसतात, याचं फक्त आश्चर्य वाटतं. विनोद साधारण असतात.

१८ सप्टेंबर

स्टॉलचा आराखडा तयार. फिरता चौथरा, लाल कार्पेट, भोवती सोनेरी दोरी, पाटी: 'कृपया हात लावू नये'. वस्तू लांब ठेवली की माणसाला जास्त हवीशी वाटते. हे शास्त्र आहे.

लुबोवाने सहा कोऱ्या गाड्या जुन्या स्टेजवाल्यांना देऊन टाकल्या. "दोन आठवडे पळवा, वाटेल तशी बडवा," एवढंच म्हणाला म्हणे. मी मॅडमच्या कानावर घातलं की परत येतील तेव्हा गाड्या ओळखू येणार नाहीत. मॅडम म्हणाल्या, "तेच तर बघायचंय."

२० सप्टेंबर, रात्री

बायको, एंडागिरे, आज दवाखान्यातल्या कामावरून सहालाच घरी. एरवी सात वाजतात. म्हणाली, "जोएलचे बाबा, आज त्या नव्या बोडावरून आले. पाठीला एक दणका नाही! लुबोवाने भारीच काम केलंय हो."

मी शांतपणे सांगितलं की ती गाडी माझ्या कंपनीची आहे.

"हो? मग तुम्ही कधी बसलात तिच्यावर?"

जेवणात कच्च्या केळ्यांचं माटोके आणि शेंगदाण्याची आमटी. आमटी अळणी होती. एंडागिरे म्हणते मीठ बरोबर होतं.

२४ सप्टेंबर

नाकुलाब्येला गेलो. हेरगिरी नव्हे. मार्केट रिसर्च. पेपरवाल्याच्या टपरीआड उभा राहिलो.

लुबोवा स्टेजच्या बाकड्यावर बसून ऑम्लेट गुंडाळलेली चपाती खात होता. सगळे त्याच्याभोवती. कोणी खांद्यावर हात टाकतंय, कोणी त्याच्याच हातातला घास पळवतंय. मी सात वर्षं ऑफिसात आहे. माझ्या ताटातलं कोणी कधी काही पळवलेलं नाही.

स्टेजचा चेअरमन सेबुन्या म्हणून आहे. त्याच्या बोलण्यावरून कळलं की इथे एकटादुकटा कोणी गाडी घेतच नाही. सगळं स्टेज मिळून ठरवतं आणि सगळे एकच गाडी घेतात. ठरवण्याआधी परीक्षा: नालोंगोला मागे बसवायचं, तिच्या मांडीवर माटोकेचा अख्खा घड ठेवायचा आणि नामिरेंबेची टेकडी चढायची. नालोंगो केळी विकते. जुळ्यांची आई, म्हणूनच 'नालोंगो' म्हणायचं; देहाने भरभक्कम, मान त्याहून मोठा. गाडी तिला घेऊन सरसर वर गेली आणि परत आली. नालोंगो उतरून चक्क दोन पावलं नाचली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. माझेही हात उठले होते, खिशात घातले.

तेवढ्यात सेबुन्या ओरडला, "ओ सुटातले! अर्धा तास झाला ताटकळताय, बोडा हवी की पत्ता हवा?"

लुबोवाने ओळखलं. "अरे, हे आमचे कावूया सर! या, या!" अर्धी चपाती माझ्या हातात कोंबली. मग सगळ्यांना म्हणाला, "परीक्षा झाली. आता सरांच्या स्टॉलवर जाऊन कोरी गाडी बघा आणि तिथेच बुक करा."

म्हणजे ती विक्री माझ्या खात्यात! घाबरला बिचारा. शरण आला.

चपाती चविष्ट होती, हे केवळ नोंदीसाठी.

२ ऑक्टोबर, बुधवार. प्रदर्शनाचा पहिला दिवस

जिंजा रोडवर टॅक्सी जाम. उद्घाटन दहाला, पावणेदहाला मी जिथल्या तिथे. काखेत स्टॉलचं सहा फुटी बॅनर. नाइलाजाने एक बोडा थांबवली. बसल्यावर कळलं की ती लुबोवाच्या सहांपैकी एक. सहा मिनिटांत पोचलो. पाठीला दणका बसला नाही. हे कुठेही बोलायचं नाही.

गेटपाशी कोणीतरी फोटो काढला: सुटातला मी, डोळे गच्च मिटलेले, बॅनर मिठीत. दुपारपर्यंत ऑफिसच्या ग्रुपवर. खाली मॅडमनी लिहिलं, "टेस्ट राईडमुळे स्टॉल वेळेवर उघडला. शाब्बास लुबोवा."

शाब्बास लुबोवा! गाडीवर मी बसलो होतो.

३ ऑक्टोबर, दुपार

गर्दी प्रचंड. टोप्या फुकट वाटतोय. नाव आणि फोन लिहा, टोपी घ्या. चौथरा सुंदर फिरतो.

अकराला सेबुन्या तीस-बत्तीस जणांना घेऊन आला. पुढे नालोंगो, नवीन पायघोळ गोमेसी नेसून, सणाला निघाल्यासारखी. मी मनात हेडच्या टेबलावर फुलदाणी कुठे ठेवायची ते ठरवलं.

सेबुन्या म्हणाला, "दोरी काढा. नालोंगो बसून बघतील."

मी पाटी दाखवली.

"साहेब, गाडी बघायला नाही आलो, हिच्यावर पोट भरायचंय. त्या सहांनी परीक्षा दिलीय. ही कोरी त्याच जातीची आहे ना, एवढंच कळू दे. एकदा बसतील आणि उतरतील."

आता चौथरा भाड्याचा. नाजूक मोटर. मी अत्यंत सभ्य शब्दांत म्हणालो, "बाई, तुमचं वजन चौथऱ्याला झेपायचं नाही."

शेजारच्या पंपवाल्यांच्या स्टॉलवरचेही वळून बघायला लागले.

जुळ्यांच्या आईला आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही. साधं 'बाई' तर कोणी म्हणतच नाही. हे मला माहीत आहे. माझी आईसुद्धा नालोंगोच होती. तरी तोंडातून गेलं ते गेलं. त्या क्षणी मला फक्त लुबोवाला मिळालेल्या टाळ्या आठवत होत्या.

नालोंगोने माझ्या डोक्यावरची कंपनीची टोपी सरळ केली आणि ती निघाली. मागोमाग सगळे. जाताना सेबुन्या म्हणाला, "तुम्ही हिला फिरवत बसा."

कारण स्पष्ट आहे: लुबोवाने शिकवून पाठवलं असणार.

४ ऑक्टोबर

प्रदर्शन संपलं. चारशे बारा नावं! लुबोवाकडे काय आहे? चिखल लागलेल्या सहा गाड्या.

८ ऑक्टोबर

तीन दिवस फोन करतोय. बहुतेकांना टोपी आठवते, गाडी आठवत नाही. एक शाळामास्तर, एक धर्मगुरू, एकाने टोपी लहान होते म्हणून तक्रार केली. एक जण मात्र लगेच तयार! गाडी त्याला बक्षीस लागलीय असं वाटत होतं. समजावल्यावर त्याने फोन ठेवला.

बाजार थंड आहे. माझ्या हातात नाही.

१० ऑक्टोबर

एंडागिरेला बाजारात कळलं: लुबोवा नालोंगोच्या दुकानी गेला, चिखलात गुडघे टेकले, कंपनीच्या वतीने माफी मागितली. माझं नाव घेतलं नाही. मग तिला मागे बसवून पुन्हा टेकडी चढला. नाकुलाब्येने एकतीस गाड्या बुक केल्या. ते बघून शेजारच्या दोन स्टेजनीही.

एंडागिरे म्हणाली, "किती मनाचा मोठा माणूस."

ठीक आहे. इथे कोण वाचतंय? जळतो मी. लुबोवावर जळतो. त्याच्या हसण्यावर, त्याच्या बाकड्यावर, लोक त्याच्या घासाला हात घालतात त्यावर. माझी बायको 'लुबोवा' म्हणताना आवाज गोड करते, त्यावर तर फार जळतो.

उद्या हे पान फाडायचं.

१२ ऑक्टोबर

लुबोवा: सत्त्याऐंशी. मी: शून्य. मॅडमनी फळ्यावर शून्य जरा मोठंच काढलं.

पान फाडलेलं नाही. मागच्या बाजूला नोंद आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार

मी सेल्स हेड!!!

गुणवत्ता शेवटी वर येतेच. मॅडमनी केबिनमध्ये बोलावून पत्र दिलं. शून्य असूनही. याचा अर्थ त्यांनी आकड्यांपलीकडे पाहिलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

लिहायचं नव्हतं, पण राहवत नाही. पत्र देऊन झाल्यावर मॅडम म्हणाल्या, खुर्ची लुबोवालाच देणार होते. तो नको म्हणाला. "दिवसभर बसून राहिलो तर माझं डोकं फिरेल मॅडम. कावूया सरांना द्या. त्यांना कागद छान जमतात. आणि त्यांना ती खुर्ची फार, फार हवीय हो."

घरी एंडागिरेने सण असल्यासारखा चेहरा केला होता. कोंबडी शिजवलेली. मी म्हणालो, तुला कसं कळलं? ती म्हणाली, "लुबोवा शनिवारीच येऊन गेला. विचारत होता, 'वहिनी, मी असं सुचवलं तर सरांना वाईट नाही ना वाटणार?'"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, वाईट वाटेल, पण घेतील."

कोंबडी पूर्ण खाल्ली.

१५ ऑक्टोबर, सकाळी ११

वरच्या मजल्यावरची केबिन. खुर्ची फिरते. खिडकीखाली आवारात लुबोवा कुठल्या तरी नव्या स्टेजच्या लोकांना फेऱ्या मारून आणतोय. एवढं हसायला काय झालंय, ते वर ऐकू येत नाही.

हेड म्हणून पहिला कागद सहीला आला. लुबोवाचा अर्ज: टेस्ट राईडसाठी आणखी तीस गाड्या, त्यासाठी पुढच्या वर्षीचा प्रदर्शनातला स्टॉल रद्द.

सही केली. अक्षर चांगलं आलं.